पुण्यातली रूम सोडताना सामान कसं विकायचं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कर्वेनगरच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारून बघा. दर दोन-चार इमारतींआड एक छोटा हत्ती उभा असतो, फाटकाशी गाद्यांच्या वळकट्या पडलेल्या असतात आणि कुणीतरी फोनवर "अहो, नवीनच आहे, दोनच वर्षं झालीत" असं काकुळतीला येऊन सांगत असतं. सात वर्षांपूर्वी ते कुणीतरी मीच होते. चालू स्थितीतला, बिल असलेला फ्रिज मी पंधराशेला दिला, कारण घ्यायला आलेल्या काकांनी सहज विचारलं, "कधी निघताय?" आणि मी खरं सांगून टाकलं, "उद्या सकाळी." त्यांनी पाकिटातून तीन नोटा काढल्या आणि पुढे एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

त्याच जुलैमध्ये शेजारच्या विंगमधल्या मुलीने जवळपास तसलाच फ्रिज पाच हजाराला विकला. माझ्या फ्रिजमध्ये खोट नव्हती, खोट माझ्या तारखेत होती. त्यानंतर मी पुण्यात आणखी तीन घरं बदलली आणि मैत्रिणींची निदान सहा-सात घरं रिकामी करून दिली. त्यातून जे समजलं ते खाली लिहिते आहे. पेठांत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. फ्लॅटवाल्यांना तर सगळंच.

आधी कॅलेंडर काढा

विद्यापीठाच्या परीक्षा संपतात तेव्हा सगळे एकदम विकायला निघतात. घेणारे मात्र तेव्हा पुण्यात आलेलेच नसतात. इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये रंगतात आणि नवीन पोरं बॅगा घेऊन उतरतात ती तेव्हा. म्हणजे मेअखेर माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी, जुलैत नेमकं उलटं. पुण्यातच राहणारी एखादी मैत्रीण असेल, तिच्याकडे गॅलरीत जागा असेल, तर फ्रिज आणि टेबल तिच्याकडे दीड महिना ठेवा. विकल्यावर तिला त्यातला चौथा हिस्सा द्या. तरीही तुम्ही फायद्यात राहाल.

ते जमणार नसेल तर निदान पाच आठवडे आधी सुरुवात करा. मालकाला महिन्याची नोटीस देतो ना आपण? सामानाची नोटीस त्याच्या आठवडाभर आधी निघाली पाहिजे. पहिल्यांदा जायला हव्यात त्या रोज न लागणाऱ्या वस्तू: मागच्या सेमिस्टरची पुस्तकं, जादा खुर्च्या, दुसरा टेबलफॅन. मग टेबल, कपाट, वॉशिंग मशीन. फ्रिज आणि इंडक्शन शेगडी रोज लागतात म्हणून आपण त्या शेवटावर ढकलतो आणि तिथेच मार खातो. या वस्तूंचा सौदा लवकर करायचा आणि ताबा उशिरा द्यायचा. आज टोकन घ्या आणि "२९ तारखेला संध्याकाळी न्या" असं व्हॉट्सॲपवर लेखी ठरवा. समोरच्यालाही बहुधा नवी खोली १ तारखेलाच मिळणार असते, त्यामुळे त्याचंही अडत नाही.

कूलर मात्र या सगळ्याला अपवाद. त्याचा बाजार गुढीपाडव्यापासून मेच्या मध्यापर्यंत. एकदा का वळवाचा पाऊस पडला की तुमच्या कूलरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. परीक्षेच्या दिवसांत उकाड्यात बसायची तयारी असेल तर एप्रिलमध्येच विका. नसेल तर थंड हवा खा आणि तोट्याची तयारी ठेवा. मी दुसरं केलं होतं, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

यादी करा, पण चार रकान्यांत

कागदावर घरातली प्रत्येक वस्तू लिहा आणि पुढे मांडा: माझी, काँट्रीची (सगळ्यांनी पैसे काढून घेतलेली), मालकाची, कंपनीची. यात गफलत झाली की भांडणं होतात आणि डिपॉझिट अडकतं.

मालकाच्या वस्तू भाडेकराराच्या शेवटच्या परिशिष्टात लिहिलेल्या असतात: पंखे किती, ट्यूब किती, गिझर आहे का. ते पान आपण सही करताना वाचत नाही, आता वाचा. तुम्ही बदललेला नळ किंवा लावलेला पंखा तुमचा असला तरी जुना पंखा कुठे ठेवलाय ते आठवून ठेवा, कारण तो परत लावून द्यावा लागेल. आमच्या एका घरात जुना पंखा माळ्यावर होता आणि तो तिथे आहे हे आधीच्या बॅचच्या एकाच मुलीला माहीत होतं. ती तेव्हा बेंगळुरूला होती.

कंपनीच्या वस्तूंत पहिला येतो गॅस सिलिंडर. तो तुमचा नसतो. तुम्ही अनामत भरलेली असते आणि सिलिंडर व रेग्युलेटर कंपनीचेच राहतात. तो परस्पर विकणं बेकायदेशीर आहे, आणि पुढे काही दुर्घटना झाली तर तुमचं नाव नोंदीवर असतं. कनेक्शनचं कार्ड आणि अनामतीची पावती घेऊन एजन्सीत जा, सिलिंडर-रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या. शेगडी मात्र तुमची, ती खुशाल विका. वायफायचा राऊटरही बहुतेकदा कंपनीचाच असतो. तो परत दिल्याची पावती जपा, नाहीतर सहा महिन्यांनी बिल येतं. भाड्याने घेतलेला बेड किंवा मशीन, पाणीवाल्याचा २० लिटरचा जार, मेसचा जादा डबा हेही याच रकान्यात. जार परत करून त्याचं डिपॉझिट मागायला लाजू नका.

आता काँट्रीच्या वस्तू. चौघींनी मिळून घेतलेल्या मिक्सरवरून झालेला अबोला लग्नाच्या आमंत्रणापर्यंत टिकलेला मी पाहिलाय. यावर आमचा उपाय चिठ्ठ्यांचा. प्रत्येकीने ती वस्तू स्वतःला किती रुपयांना हवी तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. समजा फ्रिजसाठी सगळ्यात मोठा आकडा ४,००० निघाला. चौघींचा हिस्सा हजार-हजार. जिची बोली तिने बाकी तिघींना प्रत्येकी १,००० द्यायचे आणि फ्रिज घ्यायचा. कुणालाच नको असेल तर बाहेर विकायचा, आणि जी धावपळ करेल तिला आधी एक दशांश, उरलेले चौघींत सारखे. हे विकायच्या आधी ठरलं पाहिजे. पैसे हातात आल्यावर प्रत्येकीला आपणच जास्त धावलो असं वाटतं.

किंमत काढायची कशी

आपण किती दिले होते ते विसरा. तीच वस्तू आज नवीन कितीला मिळते, सेल लागल्यावर कितीला मिळते, ते बघा. घेणारा फोनवर तेच बघत असतो. माझा ठोकताळा असा: वर्षाच्या आतली, बिल आणि वॉरंटी असलेली वस्तू आजच्या किमतीच्या निम्म्याने ते साठ टक्क्यांनी, दोन-तीन वर्षं झालेली तिसऱ्या हिश्शाने, त्याहून जुनी असेल तर मिळतील तेवढ्यात. हा काही नियम नव्हे, बोलणं सुरू करायला जागा.

लोखंडाला तळ असतो. भंगारवाल्याला आजचा भाव विचारा. समजा कॉट १८ किलोची आणि त्याने किलोला २५ रुपये सांगितले, तर ४५० रुपये कुठेच गेले नाहीत. त्याच्या खाली कुणालाही द्यायची नाही. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमची भांडी याच हिशोबात बसतात. भुशाच्या फळीच्या टेबलाला मात्र असा तळ नसतो. ते एकदा खोललं की स्क्रूची भोकं मोठी होतात आणि पुन्हा कधी घट्ट बसत नाही, म्हणून असलं टेबल उभंच दाखवा आणि उभंच द्या.

गादी हा अवघड विषय. वापरलेली गादी अनोळखी माणूस सहसा घेत नाही, घेतली तर शे-दोनशेला. कापसाची असेल तर गादीवाला कापूस पिंजून पुन्हा भरून देतो, म्हणून ती घरी नेणं परवडतं. फोमची असेल तर ज्युनिअरला द्या. दोन दिवस गच्चीत ऊन दाखवा, शिवणींमध्ये टॉर्च मारून बघा. ढेकूण असतील तर विकू नका आणि फुकटही देऊ नका. त्या बाबतीत मी कडक आहे.

पुस्तकांचं गणित वेगळं

पुस्तकाची किंमत त्याच्या अवस्थेवर कमी आणि अभ्यासक्रमावर जास्त ठरते. पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगचा २०१५चा पॅटर्न गेला, २०१९चा आला, मग २०२४चा. प्रत्येक बदलाला कोऱ्या पुस्तकांची रातोरात रद्दी झाली. म्हणून तुमच्या मागच्या वर्गाला तोच पॅटर्न आहे का, हे आधी विचारा. असेल तर सेमिस्टरभराचा पूर्ण संच एकत्र विका. सुटी पुस्तकं विकायला गेलात तर गणिताचं जातं आणि बाकीची उशाला राहतात. त्याच संचात मिनी ड्राफ्टर, वर्कशॉपचा एप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर घाला. पहिल्या वर्षाला या गोष्टी दर वर्षी लागतात, त्यामुळे त्या पडून राहत नाहीत.

स्पर्धा परीक्षांचंही तसंच. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे मुख्यच्या बहुपर्यायी सरावसंचांना आता कोण विचारणार? संदर्भपुस्तकं, नकाशे, अभ्यासक्रम न बदललेली शालेय पाठ्यपुस्तकं मात्र खपतात. अभ्यासिकेच्या फलकावर चिठ्ठी लावलीत तर दोन दिवसांत फोन येतो. तिथलं गिऱ्हाईक शेजारच्याच खुर्चीत बसलेलं असतं. अप्पा बळवंत चौकात दुकानदाराला दिलीत तर भाव कमी मिळतो, पण गठ्ठा एका फेरीत संपतो. हाताने काढलेल्या नोट्स मी कधीच विकल्या नाहीत. झेरॉक्स काढून घ्या म्हणायचे, मूळ प्रत माझ्याकडे.

फोटो आणि मजकूर

फोटो दिवसा काढा, ट्यूबलाइटमध्ये नाही. वस्तू पुसा. फ्रिजमधली कोथिंबीर बाहेर काढा (हसू नका, मी फोटोत अर्धी पाटोडी बघितलेली आहे). एक फोटो समोरून, एक आतून, एक मॉडेल नंबर आणि ताऱ्यांच्या स्टिकरचा, आणि एक दोषाचा. दोषाचा फोटो टाकायला जीव धजत नाही, पण तो न टाकल्यामुळे माणूस हडपसरहून येतो, तडा बघतो आणि पाचशे कापतो. आधीच दाखवलात तर तो तडा किमतीत धरूनच येतो. आरशात तुमचा चेहरा, भिंतीवरचं वेळापत्रक, दारावरचा फ्लॅट नंबर फोटोत येऊ देऊ नका.

मजकूर असा असावा:

"सिंगल डोअर फ्रिज, १९० लिटर. २०२२मध्ये घेतला, बिल आहे. कूलिंग चांगलं, चालू करून दाखवते. भाजीच्या ट्रेला तडा (फोटो ४). उंची ४ फूट, रुंदी पावणेदोन फूट. ५,५००, थोडं मागेपुढे होईल. कर्वेनगर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. न्यायचा खर्च घेणाऱ्याचा."

यातलं 'लिफ्ट नाही' हे सगळ्यात कामाचं. ते लिहिलं नाही तर टेम्पो दारात आल्यावर हमालीवरून वाद होतो आणि ती हमाली तुमच्या किमतीतून जाते. मजकुरात निघायची तारीख कधीही लिहू नका. 'अर्जंट' हा शब्दही नको, तो वाचला की लोक आकडा निम्मा करूनच फोन उचलतात.

टाकायचं कुठे? पहिल्यांदा कॉलेजच्या ज्युनिअरांचा ग्रुप, मग सोसायटीचा ग्रुप, मग ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस, याच क्रमाने. ओळखीत पैसे थोडे कमी मिळतात, पण डोकं शांत राहतं. त्याच्याही आधी एक फोन करा: तुमच्या खोलीत पुढे कोण येणार आहे, ते मालकाला किंवा ब्रोकरला विचारा. येणाऱ्यांना कॉट, टेबल, पडदे, मशीन जागच्या जागी मिळालं तर टेम्पो वाचतो, दोघांचाही. मालक स्वतःही घेतात, फर्निचरसहित म्हणून भाडं वाढवता येतं ना. पण मालकाला विकत असाल तर पैसे हातात घ्या. "डिपॉझिटमध्ये धरू" हे तोंडी बोलणं धरू नका. धरायचंच असेल तर वस्तू आणि रक्कम लिहून मेसेज टाका आणि त्यावर त्यांचं 'ओके' घ्या.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो आणि फिरायला बहारदार आहे. पण तिथे एखाददुसरी वस्तू घेऊन विकायला जाण्यात अर्थ नाही. तिथे बसणारे घेतात ते पुढे विकण्यासाठीच, आणि भाव तसाच करतात.

"लास्ट किती?"

पहिला मेसेज हाच येणार. नमस्कार नाही, चमत्कार नाही, "लास्ट किती?" चॅटवर किंमत उतरवायची नाही. "येऊन बघा, चालू करून बघा, मग बोलू" एवढंच लिहा. चॅटवर हजार कमी केलेत तर माणूस दारात आल्यावर आणखी हजार मागतो. मनात तीन आकडे ठेवा: सांगायचा, हवा असलेला आणि ज्याच्या खाली द्यायचंच नाही तो. शेवटचा आकडा रूम पार्टनरलाही माहीत असू द्या, म्हणजे तुम्ही नसताना ती भिडेखातर देऊन टाकणार नाही. "ताई, आम्हीपण विद्यार्थीच आहोत" याला माझं मन दर वेळी विरघळतं, म्हणून शेवटी मी घासाघीस करायला पार्टनरलाच पुढे करायचे.

"कधी निघताय?" याचं उत्तर खोटं द्यायची गरज नाही. ५ तारखेला विचारलं तर "महिनाभर आहे इथे" हे खरंच असतं. २९ तारखेला विचारलं तर मात्र उपाय नाही.

"माझ्यासाठी ठेवा हां, रविवारी येतो" म्हणणाऱ्याला टोकन मागा. मोठ्या वस्तूला पाचशे, छोट्याला शंभर. देणारा येतो, न देणारा येत नाही. टोकन घेतल्यावर जास्त किमतीचा दुसरा आला तरी पहिल्यालाच द्या. आपण ज्युनिअरांच्या ग्रुपवर आहोत, तिथे नाव एकदाच जातं.

पैशांबाबत एक गोष्ट पक्की धरा: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. दोन्ही पैसे देण्यासाठी असतात. ठरलेली फसवणूक अशी चालते: वस्तू न बघताच पूर्ण किंमत कबूल, "मी लष्करात आहे, बदली झालीये, सामान न्यायला माणूस येईल", मग विश्वासासाठी पाच रुपये पाठवणं आणि पाठोपाठ "हा कोड स्कॅन करा, पैसे येतील". न बघता कबूल करणारा दिसला की तिथेच थांबा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. बँकेचं ॲप उघडून जमा रक्कम बघा, मगच वस्तू दारातून बाहेर काढा. फसलातच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते.

अनोळखी माणसाला घरात एकटीने घेऊ नका. छोटी वस्तू खाली वॉचमनकाकांसमोर द्या. मोठी बघायला येणार असतील तेव्हा दोघी-तिघी घरी असाव्यात आणि वेळ दिवसाची असावी. सोसायटीत सामान बाहेर काढायला गेटपास लागतो का, ते आधीच विचारून ठेवा.

देण्याच्या दिवशी

फ्रिज आदल्या रात्री बंद करा, दार उघडं ठेवा, खाली जुना टॉवेल टाका. उभाच न्यायला सांगा. आडवा न्यावा लागलाच तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा. हे सांगितलं नाहीत तर "तुमचा फ्रिज बंद पडला" असा फोन येतो. फ्रंट लोड मशीनचे ड्रम बांधणारे बोल्ट असतील तर शोधून ठेवा.

मोबाईल विकताना क्रम महत्त्वाचा. आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा, 'फाइंड माय' बंद करा, मग फॅक्टरी रीसेट. उलटं केलंत तर फोन नव्या माणसाकडे जाऊनही तुमचाच पासवर्ड मागत राहतो. एका कागदावर तारीख, आयएमईआय नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. लॅपटॉपलाही हेच. फाइल कचरापेटीत टाकणं म्हणजे पुसणं नव्हे, ड्राइव्ह पूर्ण साफ करणारा रीसेट निवडा.

दुचाकी असेल तर घाई अजिबात नको. पैसे घेऊन किल्ली दिली म्हणजे गाडी विकली असं होत नाही. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर अपघाताची भरपाई आणि चलन तुमच्याच दारात येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच स्पष्ट केलं: नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरा, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा उतरवून घ्या, बाकी चलनं भरून टाका. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरची) पाटी आधी बसवा, नाहीतर आरटीओत काम पुढे सरकत नाही. राज्याबाहेरच्या माणसाला विकत असाल तर एनओसी लागते. राज्यातल्या राज्यातली विक्री आरटीओला कळवायला तुम्हाला १४ दिवसांची मुदत असते. विम्याचं नाव बदलण्याची १४ दिवसांची मुदत घेणाऱ्याची, पण त्याची आठवण तुम्हीच करा. हे होईपर्यंत घेणाऱ्याचे दोन-तीन हजार हातात राखून न ठेवता गाडी देणाऱ्याला काय म्हणावं?

जे विकलं जात नाही

बादल्या, मग, डबे, हँगर, पायपुसणी विकण्यात वेळ घालवू नका. स्वयंपाकाच्या मावशींना यादी दाखवा आणि त्यांना हवं ते आधी निवडू द्या, सगळ्यांनी नाकारलेलं नव्हे. चांगली कढई त्यांनी मागितली तर द्या, दोनशे रुपये फार नाहीत. मग वॉचमनकाका, मग रद्दीवाला. तुटकं-फुटकं आणि वायरींचे गुंते कचऱ्यात ढकलण्याआधी रोज येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारा. कचरावेचकांची ही सहकारी संस्था आहे आणि कुठलं सामान कुठे जातं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फाटलेली गादी जिन्याखाली सोडून जाऊ नका. तिचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात, आणि ते बरोबरच आहे.

शेवटच्या दिवसासाठी एक बादली, एक खराटा, एक झाडू, एक फडकं आणि चहाचं पातेलं मागे ठेवा. मालक बघायला येतील तेव्हा घर झाडलेलं असलं पाहिजे. रिकाम्या खोल्यांचे, भिंतींचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढा, किल्ल्या मोजून द्या आणि दिल्याचा मेसेज टाका. झाडू दारामागे तसाच राहू द्या. पुढच्यांना पहिल्या दिवशी तोच लागतो.